बिघडलेली सेटिंग फाइल पुसू नका, परत मिळवून द्या

संगणकासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या अभियंत्यांना आणि ते विकणाऱ्या, सांभाळणाऱ्या कंपन्यांना,



आदल्या संध्याकाळपर्यंत सुरळीत चाललेला बिलाचा प्रोग्राम सकाळी उघडत नाही, ही तक्रार तुम्ही पुष्कळदा ऐकली असेल. आयकॉनवर क्लिक केले की क्षणभर चक्र फिरते, प्रोग्राम बंद पडल्याची इंग्रजी चौकट येते आणि पुढे काहीच घडत नाही. संगणक बंद करून पुन्हा चालू केला जातो, प्रोग्राम काढून नव्याने टाकला जातो, तरी तेच. अखेर यातले कळणारा कोणीतरी फोनवर सांगतो की अमुक फोल्डरमधली एक छोटी फाइल उडवून टाका. ती उडवली की प्रोग्राम उघडतो, पण प्रिंटरची निवड, पावतीची मापे, फॉन्ट, रकान्यांची रुंदी, रोजच्या वापरातले फोल्डर, सगळे कोरे झालेले असते. तुमच्या नोंदवहीत ही तक्रार ‘सुटली’ म्हणून बंद होते. माझे म्हणणे असे आहे की ती सुटलेली नसते. सेटिंगची फाइल तुमच्या प्रोग्रामने लिहिलेली असली तरी तिच्यातला मजकूर वापरणाऱ्याने घडवलेला असतो. म्हणून ती बिघडली तर शक्य तितकी परत मिळवून देणे हे प्रोग्रामचे काम आहे. ती पुसून कोरी देणे ही दुरुस्ती नव्हे, आणि हे पत्र तेवढेच पटवून देण्यासाठी आहे.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक ठोस उदाहरण घेऊ. विंडोजवरचे असंख्य छोटे-मोठे व्यावसायिक प्रोग्राम मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवर लिहिलेले आहेत. २००५ साली डॉटनेटची २.० आवृत्ती आली, तेव्हापासून वापरकर्त्याच्या सेटिंग ‘यूजर डॉट कॉन्फिग’ नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये ठेवण्याची तयार सोय तिच्यात आहे. ही फाइल वापरकर्त्याच्या ‘अ‍ॅपडेटा’ फोल्डरात, ‘लोकल’च्या आत, कंपनीच्या नावाच्या फोल्डरात असते. तिथे प्रोग्रामच्या नावापुढे अक्षर-अंकांची लांबलचक शेपटी जोडलेला एक फोल्डर आणि त्याच्या पोटात आवृत्तीच्या क्रमांकाचा आणखी एक फोल्डर असतो. ‘अ‍ॅपडेटा’ मुळातच लपवलेला असल्याने सामान्य माणसाला तो दिसतच नाही. ही फाइल करप्ट झाली की प्रोग्राम पहिली सेटिंग वाचायला जातो त्याच क्षणी अपवाद (एक्सेप्शन) फेकला जातो. पहिली सेटिंग बहुधा खिडकीचा आकार किंवा जागा हीच असते, म्हणून खिडकी उघडण्याआधीच सगळे कोसळते. अपवाद झेलण्याची व्यवस्था नसेल तर वापरणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. असलीच तर ‘रूट एलिमेंट सापडले नाही’ किंवा ‘पहिल्या ओळीत पहिल्या जागी शून्य हे अवैध अक्षर आहे’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश दिसतो. पुन्हा इन्स्टॉल करून उपयोग होत नाही, कारण इन्स्टॉलर प्रोग्रामच्या फाइली बदलतो आणि वापरकर्त्याच्या फोल्डरातली बिघडलेली फाइल होती तिथेच राहते.

ते ‘शून्य अक्षर’ काय असते हे एकदा जवळून पाहायला हवे. अशी बिघडलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर पान रिकामे दिसते, पण फाइलचा आकार मात्र काही किलोबाइट भरतो. हेक्स एडिटरमध्ये उघडली की उलगडा होतो: पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत शून्य, शून्य आणि शून्य. फाइलची लांबी बरोबर आहे, नाव बरोबर आहे, तारीखही बरोबर आहे, फक्त मजकूर नाही. प्रोग्राम ‘लिही’ म्हणतो तेव्हा मजकूर आधी मेमरीत थांबतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम तो सवडीने डिस्कवर उतरवते. विंडोजची एनटीएफएस ही फाइल व्यवस्था फाइलींची नावे, लांबी, जागा यांची नोंद जर्नलमध्ये जपते, पण आतल्या मजकुराला ते संरक्षण नसते. नोंद पोहोचली आणि मजकूर पोहोचण्याआधी वीज गेली, की लांबी खरी आणि पोट रिकामे अशी फाइल मागे उरते. दुसरा प्रकार शून्य लांबीच्या फाइलचा. जुनी फाइल आधी रिकामी करून मग तिच्यात नवे लिहायचे अशी पद्धत असेल आणि मधल्या क्षणी डिस्क भरली किंवा प्रोग्राम मारला गेला, तर जुनेही जाते आणि नवेही येत नाही. तिसरा प्रकार अर्धवट फाइलचा, ज्यात सुरुवातीचा भाग शाबूत असतो आणि शेवट तुटलेला. चौथा, एकाच प्रोग्रामच्या दोन प्रती एकाच वेळी चालू असल्या की होणाऱ्या भेसळीचा. या चारही प्रकारांत वापरणाऱ्याचा दोष कुठेच नाही. जिथे वीज सांगून जात नाही आणि यूपीएसची बॅटरी थकलेली असते, अशा तालुक्याच्या गावातल्या दुकानात तर या प्रसंगाला अपवाद म्हणणेच चुकीचे आहे. तो नेहमीच्या कामकाजाचा भाग धरूनच प्रोग्राम लिहायला हवा.

हे दुखणे एकट्या विंडोजचे नाही. २००९ च्या सुरुवातीला लिनक्सच्या जगात यावरून मोठा वाद झाला. एक्स्ट४ ही नवी फाइल व्यवस्था तेव्हा नुकतीच स्थिर म्हणून जाहीर झाली होती. उबुंटूच्या चाचणी आवृत्तीत ती वापरणाऱ्या एकाने तक्रार नोंदवली की संगणक अचानक बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर आधीच्या सत्रात लिहिल्या गेलेल्या जवळपास सगळ्या फाइली शून्य बाइटच्या झाल्या होत्या. डेस्कटॉपच्या सेटिंग फाइलीही त्यात गेल्या. आधीची एक्स्ट३ साधारण पाच सेकंदांत मजकूर डिस्कवर नेत असे. एक्स्ट४ वेगासाठी जागा नेमून देण्याचे काम पुढे ढकलत असे, त्यामुळे धोक्याचा काळ बराच लांबला. एक्स्ट४ चे प्रमुख शिल्पकार थिओडोर त्सो यांनी बाजू मांडली की मजकूर डिस्कवर पोहोचल्याची खात्री हवी असेल तर प्रोग्रामने ‘एफसिंक’ करून ती मागितली पाहिजे, न मागता ती गृहीत धरता येत नाही. अ‍ॅप्लिकेशन लिहिणाऱ्यांचे म्हणणे होते की नवी फाइल लिहून जुनीच्या नावावर चढवली की जुनी किंवा नवी यांपैकी एक तरी हाती उरली पाहिजे. नियमाच्या दृष्टीने त्सो यांचे म्हणणे बरोबर होते. तरीही त्यांनी स्वतःच एक्स्ट४ मध्ये दुरुस्त्या केल्या आणि त्या २००९ मध्येच लिनक्स २.६.३० मध्ये आल्या. फाइल रिकामी करून पुन्हा लिहिणे किंवा नावावर चढवणे या दोन्ही प्रसंगी मजकूर आता लवकर डिस्कवर जाऊ लागला. नियमावर बोट ठेवून हात झटकण्यापेक्षा माणसांच्या फाइली वाचवणे महत्त्वाचे, हे त्यांनी कृतीने मान्य केले. माझे मागणे त्याच जातीचे आहे.

हे काम सोपे नाही, हेही मी जाणतो. २०१४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या संशोधकांनी गिट, लेव्हलडीबी, झूकीपर यांसारख्या नावाजलेल्या अकरा प्रणाली तपासल्या. संगणक मध्येच बंद पडला तर यांचा डेटा शाबूत राहतो का, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला आणि एकूण ६० त्रुटी त्यांना सापडल्या. जी मंडळी डेटा जपण्याचेच काम करतात त्यांची ही गत असेल, तर बिलाच्या किंवा हजेरीच्या प्रोग्रामकडून निर्दोष लेखनाची अपेक्षा कशी करायची, असे कोणी विचारेल. उत्तर असे की निर्दोषपणाची अपेक्षा नाहीच. फाइल कधी ना कधी बिघडणार हे धरून चाला आणि बिघडल्यावर काय करायचे ते आधी ठरवा, एवढीच अपेक्षा आहे. एवढ्या जाणत्यांच्या हातूनही चुका राहत असतील, तर ‘आमच्याकडे फाइल बिघडणारच नाही’ या भरवशावर उभा असलेला प्रोग्राम बेजबाबदार ठरतो.

आता त्या फाइलीच्या किमतीकडे वळू. तिचा आकार लहान असतो म्हणून तिची किंमत लहान समजली जाते, आणि खरी गफलत इथेच होते. मराठीत मुद्रितशोधनाचे काम करणाऱ्याचे उदाहरण घ्या. लिब्रेऑफिस बिघडले की सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे प्रोफाइलमधल्या ‘यूजर’ फोल्डरचे नाव बदला, प्रोग्राम नवा फोल्डर बनवून घेईल. सल्ला चुकीचा नाही, पण त्या फोल्डरात काय काय असते ते क्वचितच सांगितले जाते. त्यात ‘वर्डबुक’ नावाचा उपफोल्डर असतो आणि वापरणाऱ्याने ‘शब्दकोशात घाला’ म्हणून जमवलेले शब्द तिथे असतात. त्यातच ‘ऑटोकॉर’ फोल्डर असतो, ज्यात स्वयंदुरुस्तीच्या जोड्या असतात. मराठीत प्रत्यय शब्दाला जोडूनच लिहिले जातात. त्यामुळे ‘गडहिंग्लज’ एकदा घालून भागत नाही, ‘गडहिंग्लजला’, ‘गडहिंग्लजहून’, ‘गडहिंग्लजकर’ हेही घालावे लागतात. गावे, आडनावे, शेतीची अवजारे, बोलीतले शब्द अशी भर रोज पडत गेली की काही वर्षांनी त्या यादीत त्या माणसाचे भाषिक श्रम साठलेले असतात. आकाराने ती एखाद्या फोटोपेक्षाही लहान असते. ती पुसून ‘आता चालतेय ना?’ असे विचारणे म्हणजे भाडेकरूच्या घराचे कुलूप अडकले म्हणून सामानासकट घर रिकामे करून नवी किल्ली हातात देण्यासारखे आहे. खरे तर ही यादी साध्या मजकुरात, एका ओळीत एक शब्द अशी असते, आणि जुन्या फोल्डरातून ती फाइल उचलून नव्या फोल्डरात ठेवली की शब्द परत येतात. जे काम प्रोग्रामला जमण्याजोगे आहे ते माणसाच्या माहितीवर आणि नशिबावर सोडले जाते, एवढाच तिथला अडथळा असतो.

हे जमते याचे पुरावे रोजच्या वापरातल्या प्रोग्राममध्येच आहेत. फायरफॉक्सला पसंतीची फाइल वाचता आली नाही तर तो ती फेकत नाही, ‘इनव्हॅलिड’ असे नाव देऊन बाजूला ठेवतो. बुकमार्कच्या तारीखवार प्रती तो वेगळ्या फोल्डरात राखतो, आणि उघडलेल्या टॅबची नोंद चालू, तिच्या आधीची आणि मागच्या सत्राची अशी अनेक प्रतींत ठेवतो. क्रोमचा पाया असलेल्या क्रोमियममध्ये महत्त्वाच्या फाइलींसाठी वेगळी लेखनपद्धत आहे: तात्पुरत्या फाइलीत लिहायचे, ते डिस्कवर उतरवायचे, मगच मूळ नावावर चढवायचे. वाचता न आलेली पसंतीची फाइल तिथेही ‘बॅड’ अशी शेपटी लावून जपली जाते. व्हीएस कोडची सेटिंग फाइल चुकीची असेल तर तो तिच्यावर काही लिहायला नकार देतो आणि आधी चूक सुधारा असे सांगतो. विंडोज टर्मिनल तशा प्रसंगी मूळ सेटिंग तात्पुरत्या वापरून उघडतो, चूक दाखवतो आणि तुमची फाइल जशीच्या तशी ठेवतो. नोटपॅड++ भाषांची फाइल वाचता आली नाही तर ती पूर्ववत करू का असे विचारतो, कारण त्याच्याजवळ नमुना प्रत असते. यातले बरेचसे प्रोग्राम फुकट मिळतात आणि त्यांचा कोड खुला आहे. शिकायचे असेल तर दार उघडे आहे.

त्यावरून माझी मागणी चार कलमांत मांडतो. पहिले, लिहिताना जुनी फाइल रिकामी करून लिहू नका. वेगळ्या फाइलीत लिहा, ती डिस्कवर उतरवा, मग अदलाबदल करा. यासाठी शोध लावायची गरज नाही. विंडोजमध्ये जुनी प्रत राखून फाइल बदलण्याचे फंक्शन आहे आणि डॉटनेटमध्ये ‘फाइल डॉट रिप्लेस’ त्याच कामासाठी आहे. क्यूटीमध्ये २०१३ पासून ‘क्यूसेव्हफाइल’ आहे. पायथनमध्ये ‘ओएस डॉट रिप्लेस’ २०१२ पासून आहे, आणि ते वापरण्याआधी ‘एफसिंक’ केले की झाले. दुसरे, शेवटच्या चांगल्या प्रती ठेवा, आणि त्या ठेवण्याची वेळ नीट निवडा. दर वेळी लिहिण्याआधी डोळे मिटून प्रत काढली तर एखाद्या दिवशी बिघडलेली फाइलच चांगल्या प्रतीवर चढते. फाइल यशस्वीपणे वाचली गेली आणि प्रोग्राम नीट उघडला, त्यानंतरच तिला ‘चांगली’ म्हणा. विंडोज एनटीमध्ये ‘शेवटची चांगली रचना’ वापरकर्ता यशस्वीपणे आत शिरल्यावरच नोंदली जात असे. विंडोज ९८ मध्ये रोज पहिल्यांदा संगणक सुरू होताना रजिस्ट्री तपासून तिची प्रत काढली जाई आणि अशा पाच प्रती राखल्या जात. तिसरे, बिघडलेली फाइल पुसू नका. तिला तारखेचे नाव देऊन बाजूला ठेवा आणि तिच्यातून जे वाचते ते वाचवा. ‘यूजर डॉट कॉन्फिग’मध्ये प्रत्येक सेटिंग आपल्या नावासह स्वतंत्र तुकड्यात असते, त्यामुळे शेवट तुटला तरी आधीचे तुकडे उचलता येतात. चौथे, जे घडले ते माणसाला त्याच्या भाषेत सांगा.

या चौथ्या कलमाला मी सजावट समजत नाही. ‘रूट एलिमेंट’चा संदेश वाचून किराणा दुकानदाराने काय करावे? त्याऐवजी असा संदेश द्या: ‘तुमच्या सेटिंगची फाइल वाचता आली नाही. काल संध्याकाळची चांगली प्रत वापरून प्रोग्राम उघडला आहे. त्यानंतर केलेले बदल यात नसतील. खराब फाइल या फोल्डरात जपून ठेवली आहे.’ चार वाक्यांत काय झाले, आता काय चालू आहे, काय गेले असू शकते आणि पुरावा कुठे आहे, एवढे सगळे येते. मदतीला येणाऱ्या तंत्रज्ञालाही कामाची हीच माहिती हवी असते. मराठी माणसाला विकलेल्या प्रोग्रामात ही चार वाक्ये मराठीत असणे अवघड नाही. आणि चूक गुपचूप गिळूही नका. काही न सांगता मूळ सेटिंग लावून उघडणारा प्रोग्राम बंद पडणाऱ्या प्रोग्रामपेक्षा कधी कधी जास्त नुकसान करतो. पावतीवरचा कराचा दर किंवा फाइली साठवायचे ठिकाण निमूटपणे बदलले तर ते कळेपर्यंत दहा कामे चुकलेली असतात.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप वेगाचा: प्रत्येक वेळी डिस्कवर उतरवत बसलो तर प्रोग्राम मंद होईल. याला इतिहासाचा आधार आहे. २००८ साली फायरफॉक्स ३ लिनक्सवर अडखळू लागला, कारण तो वारंवार ‘एफसिंक’ करत असे आणि एक्स्ट३ मध्ये एका फाइलसाठी केलेली ती मागणी इतरांचाही साचलेला मजकूर उतरवायला लावत असे. पण तो प्रश्न दर पानाला होणाऱ्या इतिहासाच्या नोंदीचा होता. सेटिंग दर सेकंदाला बदलत नाहीत. बदल मेमरीत जमवा, काही सेकंदांनी एकदाच लिहा आणि लिहिण्याचे काम पडद्यामागच्या धाग्यावर सोपवा. काही किलोबाइटच्या फाइलसाठी दिवसातून थोड्या वेळा केलेले हे काम कोणाच्या लक्षातही येणार नाही. खिडकी सरकवताना दर पिक्सेलला सेटिंग लिहिणारा प्रोग्राम असेल, तर त्याचे दुखणे वेगळे आहे आणि तेही दुरुस्त झालेच पाहिजे.

दुसरा आक्षेप जबाबदारीचा: वीज गेली, डिस्क खराब निघाली, यात आमचा काय दोष? आणि बॅकअप घेणे वापरणाऱ्याचे काम नाही का? वीज जाण्याचा दोष तुमचा नाही, हे कबूल. पण लपवलेल्या फोल्डरात, आकड्यांची शेपटी असलेल्या उपफोल्डरात तुम्ही माणसाच्या वस्तू ठेवल्या. जी जागा त्याला दाखवलीच नाही तिथला बॅकअप त्याने घ्यावा, ही अपेक्षा न्याय्य नाही. तो आपली पत्रे, हिशेब आणि फोटो सांभाळेल, कारण ते कुठे आहेत हे त्याला माहीत असते. ऑपरेटिंग सिस्टिम सांभाळून घेईल हा भरवसाही पुरेसा नाही. विंडोज १० च्या २०१८ मध्ये आलेल्या १८०३ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने संगणकाच्या रजिस्ट्रीची आपोआप होणारी प्रत बंद केली. डिस्कवरची जागा वाचावी हा त्यामागचा हेतू जाहीर केलेला आहे. खालचा थर आपले ओझे हलके करत असेल तर वरच्या थराने अधिक सावध राहायला हवे. क्लाउडचा आधारही इथे तोकडा पडतो. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इकडची शून्यांनी भरलेली फाइल सिंक तितक्याच तत्परतेने तिकडे पोहोचवते, आणि जुन्या आवृत्त्या राखल्या असल्या तरच तिथून परतीची वाट असते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. फाइल वाचण्याजोगी असते, पण तिच्यातले एखादे मूल्यच प्रोग्रामला पाडते. अशा वेळी जुनी प्रत परत आणली तर बिघाडही परत येईल, म्हणून कोरी फाइल देणेच सुरक्षित, असे म्हटले जाते. अशा फाइलचा धोका किती मोठा होऊ शकतो ते १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा प्रोग्रामसाठी आलेल्या एका डेटा फाइलमुळे विंडोजचे संगणक कोसळले आणि अनेक ठिकाणी दर वेळी सुरू होताना पुन्हा कोसळत राहिले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने अशा संगणकांची संख्या ८५ लाख होती. पुष्कळ ठिकाणी माणसाला संगणकासमोर बसून, सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल काढावी लागली. ती वापरकर्त्याची सेटिंग नव्हती, पण धडा लागू आहे: बाहेरून आलेल्या फाइलवर आंधळा विश्वास ठेवू नये आणि कोसळल्यावर पुन्हा त्याच खड्ड्यात जाऊ नये. यावरचा उपाय पुसण्यात नाही, टप्प्याटप्प्याने मागे जाण्यात आहे. प्रत्येक मूल्य वाचताना तपासा. खिडकीची जागा आता न जोडलेल्या पडद्यावर असेल तर तेवढे एक मूल्य मूळपदावर आणा, बाकीची राहू द्या. लागोपाठ काही वेळा सुरू होताना कोसळला तर प्रोग्रामने स्वतःच सुरक्षित मार्ग पुढे करावा. फायरफॉक्स हे करतो. लिब्रेऑफिसमध्ये २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून सेफ मोड आहे आणि त्यात आधी चाललेल्या स्थितीला परत जाणे, विस्तार बंद करणे, सगळे मूळपदावर आणणे असे पर्याय वेगवेगळे मांडलेले आहेत. सगळे पुसणे हा तिथे शेवटचा पर्याय आहे, आणि तो वापरणाऱ्याच्या संमतीने होतो.

उरले दोन छोटे आक्षेप. जुन्या प्रतींत पासवर्ड पडून राहतील, असे एक म्हणणे आहे. पासवर्ड मुळात सेटिंग फाइलमध्ये असूच नयेत. त्यांच्यासाठी विंडोजमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर आणि मॅकमध्ये कीचेन आहे. दुसरे म्हणणे खर्चाचे: आमची चार जणांची कंपनी आहे, एवढे कुठे करत बसायचे? मान्य, छोट्या कंपनीला वेळेचा हिशेब करावाच लागतो. पण वर सांगितलेले बहुतेक काम एकदा लिहून प्रत्येक प्रोग्रामात वापरता येते. त्याउलट ‘ती फाइल उडवा’ असे सांगणारा फोन प्रत्येक ग्राहकामागे, प्रत्येक बिघाडामागे पुन्हा करावा लागतो, आणि दर फोनला थोडा विश्वास खर्च होतो. एवढेही जमत नसेल तर सेटिंग एसक्यूलाइटमध्ये ठेवा. लेखन एक तर पूर्ण होईल नाही तर झालेच नाही असे राहील, ही हमी देण्यासाठीच त्याची रचना आहे आणि त्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही.

हे पत्र वाचणाऱ्या वापरकर्त्यांसाठीही दोन शब्द. असा प्रसंग आला तर पहिले काम पुसण्याचे नसते. प्रोग्राम पूर्ण बंद करा, बिघडलेली फाइल किंवा सगळा सेटिंग फोल्डर आधी दुसरीकडे कॉपी करून घ्या आणि मगच हात लावा. फाइलचे नाव बदलून प्रोग्राम उघडतो का ते पाहा. उघडला तर दोष त्या फाइलचा हे सिद्ध झाले. डॉटनेटचा प्रोग्राम असेल तर शेजारी जुन्या आवृत्तीच्या क्रमांकाचा फोल्डर आहे का ते शोधा. नवी आवृत्ती नवा फोल्डर बनवते आणि जुना बहुधा तसाच राहतो, त्यामुळे त्यातली ‘यूजर डॉट कॉन्फिग’ अनेकदा शाबूत मिळते. वर्डमधली ‘नॉर्मल डॉट डॉटएम’ बिघडली असेल तर तिचे नाव बदला, वर्ड नवी बनवील. तुमचे मॅक्रो मात्र जुन्या फाइलमध्ये राहतील, म्हणून ती टाकून देऊ नका. पूर्ण शून्यांनी भरलेल्या फाइलमधून काहीच निघत नाही, हे कटू सत्य आहे. तिथे फक्त आधीची प्रत कामाला येते. म्हणून आजच, सगळे नीट चालू असताना, या फोल्डरांची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा.

पण हा शेवटचा सल्ला मला वापरणाऱ्यांना द्यावा लागतो, याचा अर्थच काम तुमच्याकडे बाकी आहे. अभियंता मित्रहो, पुढच्या आवृत्तीच्या कामात एक चाचणी घाला. सेटिंगची फाइल मुद्दाम शून्यांनी भरा, रिकामी करा, अर्ध्यात तोडा आणि तिन्ही वेळा प्रोग्राम उघडून पाहा. तो उघडला पाहिजे, शेवटची चांगली प्रत त्याने वापरली पाहिजे, खराब फाइल बाजूला जपून ठेवली पाहिजे आणि घडलेले मराठीत सांगितले पाहिजे. या चाचणीत न बसणारा प्रोग्राम ग्राहकाच्या हाती देऊ नका.

आपला,
एक वापरकर्ता